थोरल्या घरच्या दादांचं नाव

तीन वर्षांत सोनुनबूने नगर परिषदेत तीन अर्ज दिले आणि तिन्ही एकाच कारणाने परत आले. अर्जात काही म्हणता काही कमी नव्हतं. कोणत्या तारखेला पाट कोरडा पडला, खालच्या आळीतल्या किती घरांचा राजमा ऐन फुलोऱ्यात करपला, पाटाच्या तोंडाशी लोखंडी दार कोणत्या महिन्यात बसलं, ते दार पडलं की पाणी कुणाच्या माशांच्या तळ्यात वळतं, सगळं लिहिलेलं होतं. फक्त ते दार बसवणाऱ्या माणसाचं नाव नव्हतं. त्या जागी तिने तिन्ही वेळा स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'थोरल्या घरचे दादा'.

दुसरं काय लिहिणार? दादा तिच्या नवऱ्याचे थोरले चुलत भाऊ. घराण्यात नवऱ्यापेक्षा मोठा असा जो जो पुरुष आहे त्याचं नाव सुनेच्या तोंडी येत नाही आणि जे तोंडी येत नाही ते हाताने लिहिलं जात नाही. बावीस वर्षांपूर्वी ती या घरात आली त्याच दिवशी सासूने तिला बाजूला बसवून कोणकोणती नावं टाळायची ते बोटांवर सांगितलं होतं. सांगतानाच ती नावं शेवटची कानावर पडली. दुकानदाराचं नाव दादांचंच होतं, तर सोनुनबू त्याला 'मिठाचे भाऊ' म्हणायची. यात तिला कधी काही वाटलं नाही. श्वास घेताना काही वाटतं का?

तिसऱ्या अर्जाच्या वेळी खिडकीतली कारकून पोरगी मात्र हसली.

"ताई, थोरल्या घरचे दादा नावाचा इसम आमच्या यादीत नाही हो. नाव घाला, लगेच शिक्का मारते."

"तुला ठाऊक नाही का कोण ते?"

"मला ठाऊक आहे. कागदाला ठाऊक नाही."

सोनुनबू अर्ज घेऊन बाजूला झाली. तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं होतं. पाणी कुणाला किती हे परिषद ठरवते, पाटकरी परिषद नेमते आणि परिषदेत वरच्या आणि खालच्या आळीची मिळून जी एक जागा आहे तिच्यावर दोन खेपा दादाच बसलेले. म्हणजे चोराची तक्रार चोराच्याच पाटीखाली ठेवायची आणि वर त्याचं नाव घ्यायचं नाही. शेजारच्या खिडकीत येत्या निवडणुकीचे उमेदवारी अर्ज मिळत होते. तिने एक मागून घेतला आणि तिथेच उभ्याने भरून टाकला. त्या कागदावर फक्त स्वतःचं नाव लागत होतं.

रशियात बांधकामावर असलेल्या नवऱ्याचा त्याच संध्याकाळी फोन आला. असल्या बातम्या पाण्यापेक्षा लवकर पोचतात.

"तू कशाला उभी राहिलीस? गावातले पुरुष मेले का?"

"मेले नाहीत. जेवायला बसलेत."

त्याला ती जेवणं ठाऊक होती. दर हिवाळ्याच्या तोंडाशी दादा घोडी कापत आणि घराण्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या घरी वाटा पोचता होई. सोनुनबूच्या सासूला, कालिपाला, तर आतड्यात भरलेलं बरगडीचं मांस, पिवळ्या चरबीचं, खास. कुणाला दवाखान्यात न्यायचं, दादांची गाडी. कुणाच्या घरी मयत झाली, दादांचे तंबू. वसंतात पांढऱ्या टोप्या घातलेले आळीतले सगळे म्हातारे दादांच्या अंगणात बसले, जेवले, तळहात वर करून त्यांनी दादांना तिसऱ्या खेपेसाठी आशीर्वाद दिला आणि तोंडावरून हात फिरवले. दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही. पाणी मात्र घेता येतं, असं दिसतंय.

"आणि ते मांस शिजवलं कोणी?" फोन ठेवल्यावर सोनुनबू स्वतःलाच म्हणाली. "मीच ना. चार तास मंद जाळावर. खाल्लंही." हा राग सगळ्यात वाईट होता, कारण तो कुणावर काढायची सोय नव्हती.

सासूने तीन दिवस काही म्हटलं नाही. चौथ्या दिवशी रोटी मोडता मोडता म्हणाली, "सूनबाई, उभी राहिलीस ती राहिलीस. आता तोंड सांभाळ."

"काय सांभाळू, एने? पीक सांभाळायला पाणी नाही, आता तोंड सांभाळते." सासूला ती एने, म्हणजे आई, म्हणायची.

"सून बोलली की बोट सासूकडे जातं. एवढं ध्यानात ठेव."

दादा आले ते उमेदवारांच्या सभेच्या दोन दिवस आधी. येताना कालिपासाठी झालरीची शाल आणली. मानाच्या जागी, दाराकडे तोंड करून बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. सोनुनबूने चहा दिला, अर्धी वाटीच, कारण भरलेली वाटी दिली की पाहुण्याला ऊठ म्हटल्यासारखं होतं. तिच्या मनात वाटी काठोकाठ भरायची होती, पण हात शिकलेला होता.

"तू उभी राहिलीस, आम्हाला आनंदच आहे," दादा म्हणाले. आवाज लोण्यासारखा. "बायकांनी पुढं यावं. तुझे अर्ज मी वाचलेत, बरं का. तिन्ही. काय अक्षर आहे! मी परिषदेत सगळ्यांना दाखवलं. म्हटलं, बघा, पाण्यासाठी जीव चाललाय, पण माझं नाव नाही घातलं पोरीनं. याला म्हणतात चांगल्या घरची सून."

आणि हसले. त्यांच्या हसण्यात लाज नव्हती, भीतीही नव्हती. तीन वर्षं तिला वाटत होतं की कारकून अडाणी आहेत, नियम आडमुठे आहेत. हा माणूस तीन वर्षं तिच्या मर्यादेवर कुलूप लावून बसला होता आणि वर त्या मर्यादेचं कौतुक करत होता. सोनुनबूने चहाची किटली उचलली आणि त्यांची वाटी काठोकाठ भरली.

दादांनी वाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कालिपाने शाल पायाखाली सारली नाही, पण खांद्यावरही घेतली नाही. दादा उठले.

"सभेत भेटू," ते म्हणाले. "बोल तू, मोकळेपणी बोल. नाव घेऊन बोल हवं तर."

सभा संस्कृती भवनात होती. निळ्या रंगाचे पोपडे निघालेल्या त्या सभागृहात उन्हाळ्यातही गारठा असतो. पुढच्या रांगेत पांढऱ्या टोप्या, त्यांच्या शेजारी म्हाताऱ्या, मागे आळीतल्या सुना, भिंतीला टेकून पुरुष. कालिपाला दादांची गाडी घेऊन आली होती आणि त्या दिवशी तिच्या खांद्यावर शाल होती. सोनुनबूने ती पाहिली आणि पाणी न पिताच व्यासपीठावर चढली. सभेचे अध्यक्ष तुर्गुनाली मास्तर. निवृत्त, भौतिकशास्त्र शिकवायचे. तिच्या लग्नात यांनीच घोड्यावरून गाणं म्हटलं होतं.

दादा आधी बोलले. रस्त्यावरचे दिवे, शाळेचं छप्पर, देवाची कृपा. टाळ्या पडल्या.

मग सोनुनबू उभी राहिली. तिला भाषण येत नव्हतं. तिने खिशातून मूठभर शेंगा काढून टेबलावर ठेवल्या. वाळलेल्या, चपट्या.

"या गेल्या वर्षीच्या. दाबून बघा, आत दाणा नाही. आमच्या आळीतल्या एकतीस घरांनी अशा शेंगा काढल्या. नदीला पाणी होतं. पाटाच्या तोंडाशी पाणी होतं. दारापाशी आलं आणि गेलं माशांना. मासे शहरातले पाहुणे खातात, आम्ही बघतो. ज्याने हे दार बसवलं त्याला मी विचारते..."

"कुणाला?" मास्तर मध्येच म्हणाले.

"ज्याने बसवलं त्याला."

"उमेदवार बाई, आरोप करायचा तर माणसाचं नाव घ्यावं लागतं. नाहीतर शब्द मागे घ्या. नियम आहे."

"मास्तर, तुम्हाला माहीत आहे मी कुणाबद्दल बोलतेय."

"मला माहीत असून उपयोग नाही. कागदावर यायला पाहिजे."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. दादा खुर्चीत मागे रेलले. पोट वर आलं, बोटं एकमेकांत गुंफली गेली. नाटकाचा पुढचा प्रवेश पाठ असलेल्या माणसासारखे ते वाट बघत होते.

सोनुनबूने टेबलावरची एक शेंग मोडली. मग ती व्यासपीठाच्या कडेला आली आणि पुढच्या रांगेकडे वळली.

"ठीक. माझी जीभ बांधलेली आहे. तुमची नाही. तुम्ही सगळे त्यांच्यापेक्षा मोठे. त्यांना शेंबूड पुसायच्या वयापासून तुम्ही नावाने हाका मारता. मग तुम्ही सांगा मास्तरांना. एकानं नाव घ्या, मी खाली बसते."

पुढची रांग हलली नाही.

ती सगळ्यात म्हाताऱ्या बारपीसमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, गेल्या उन्हाळ्यात तुमची घोडी कुठल्या पाण्यावर जगली? मी पिंपं भरून ट्रॅक्टरवर आणली ना? सांगा, पाणी कुणी अडवलं?"

बारपीने टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली.

"तुम्ही, बाबा? तुमच्या परसात सफरचंदाची सात झाडं वाळली. तुम्ही रडलात माझ्यासमोर. सांगा." शेजारचा म्हातारा काठीच्या टोकाने फळीतली भेग कोरू लागला. "तुम्ही? तुमचाही घसा बसला? हिवाळ्यात तर चांगला चालत होता, तुकडा उतरत होता."

"सोने!" कुणीतरी मागून दबक्या आवाजात हाक मारली. "पुरे गं."

ती रांगेच्या टोकाला पोचली. तिथे कालिपा बसली होती.

"एने," ती म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "तुम्ही तरी."

कालिपा शालीच्या झालरीला गाठी मारत होती. एक, दोन, तीन. वर पाहिलं नाही.

सोनुनबू सरळ झाली. तिला वाटलं होतं भीती वाटेल, तोंड कोरडं पडेल. तसं काही झालं नाही. उलट एवढा स्वच्छ राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

"बरं. तुम्ही बसा गिळून. मीच बोलते. ओमुरझाक." ती दादांकडे वळली. "ओमुरझाक सातिबाल्देयेव. आमचं पाणी ओमुरझाकने अडवलं. तीन वर्षं अडवलं. लिहा, मास्तर. स्पेलिंग सांगू का?"

मागच्या रांगेतल्या सुनांनी तोंडावर पदर धरावा तसे रुमाल धरले. एक म्हातारा "तोबा, तोबा" करत उठून निघाला. मास्तरांचा पेन कागदावर टेकला तो टेकलेलाच राहिला.

आणि ओमुरझाक उठला. आता आपणही त्याला नावानेच म्हणू. त्याचा लोण्याचा आवाज कुठल्या कुठे गेला.

"ऐकलंत? ऐकलंत ना? दर हिवाळ्यात माझं मांस खाल्लं या घरानं! या आळीत एक चूल दाखवा, जिच्यावर माझी घोडी शिजली नाही! माझंच खाऊन ही माजली. आणि ही म्हातारी," त्याने कालिपाकडे बोट केलं, "अंगावर शाल माझी! काय शिकवलं हिनं सुनेला?"

तो बोलून गेला आणि मग त्यालाही कळलं. पण तोंडातून गेलेलं परत येत नाही. माणसाने जेवू घालावं, नाही घालावं, त्याची मर्जी. पण खाल्लेलं काढायचं? तेही चारचौघांत? या खोऱ्यात कुत्र्याला टाकलेलं हाडसुद्धा कुणी बोलून दाखवत नाही. पुढच्या रांगेतल्या प्रत्येक तोंडात त्या क्षणी ते मांस परत आलं. बारपी तर खरोखरच थुंकला, रुमालात.

कालिपाने शाल काढली, नीट चौघडी केली, खुर्चीवर ठेवली आणि उठून चालायला लागली. गाडी दाराशी उभी होती. ती पायी गेली. सोनुनबू दहा पावलं मागून गेली.

सकाळी गाई पिळून सोनुनबू आत आली तर सासू जागेवर नव्हती. पेटीतला धुतलेला पांढरा रुमालही नव्हता. फाटकाबाहेर गलका ऐकू आला म्हणून ती गेली, तर आळीतल्या सात म्हाताऱ्या काठ्या टेकत वरच्या आळीकडे चालल्या होत्या आणि सगळ्यांच्या पुढे कालिपा.

"फावडं घे," सासू मान न वळवता म्हणाली. "आणि तू बोलू नकोस. तुझं बोलून झालंय."

पाटाचं लोखंडी दार ओमुरझाकच्या कुंपणाला लागूनच होतं. भलं मोठं पितळी कुलूप, आणि पलीकडे तळ्यात मासे उड्या मारतायत. कालिपा तिथे उभी राहिली आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या त्या वाळक्या छातीतून अशी हाक निघाली की वरच्या आळीतले कुत्रे गप्प झाले.

"ए ओमुरझाक!"

"ओमुरझाक!" दुसरी.

"ओमुरझाक, बाहेर ये!" तिसरी.

सातही जणी आळीपाळीने हाका मारत होत्या. त्यांना कसलीच बंदी नव्हती. त्या सगळ्या त्याच्याहून मोठ्या होत्या. फाटकं उघडली, लोक बाहेर आले. शेवटी ओमुरझाक आला, बनियनवर, एका पायात चप्पल.

"काय हे, काकू. आत या. चहा घ्या."

"चहासुद्धा पुढच्या सभेत काढशील," कालिपा म्हणाली. "उभा राहा इथं. तुझी आई तुला जन्म देऊन चाळीस दिवस तापात पडली होती. माझी थोरली तेव्हा माझ्या अंगावर पीत होती. ती एका बाजूला आणि तू दुसऱ्या. चाळीस दिवस. मी ते कधी बोलले? तुझ्या लग्नात बोलले? आज बोलते, कारण तू शिकवलंस खाल्लेलं काढायला. माझं दूध परत कर, ओमुरझाक, मग तुझ्या मांसाचं बघू. नाहीतर कुलूप काढ."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. खिशातून किल्ली काढली, वाकला, आणि दार करकरत वर गेलं.

पाणी मातकट फेसासकट खालच्या आळीकडे सुटलं. सोनुनबू फावडं घेऊन त्याच्या पुढे पळाली. राजमा पांढऱ्या फुलावर होता, अजून दोन दिवस गेले असते तर गेला असता. तिने पहिल्या सरीचं मातीचं दार मोडलं, पाणी आत वळलं, तापलेल्या मातीने सुस्कारा टाकला. दुसरी सरी, तिसरी. तिला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी ती फावडं मातीत असं हाणत होती जणू खाली कुणी झोपलंय.

चहाला उकळी यायला लागतो तेवढाही वेळ कुलूप निघायला लागला नव्हता. एका म्हातारीने एक हाक मारायची होती, बस. तीन वर्षं. एकतीस घरं. आणि तीन वर्षं ती हाक तिच्याच घरात, तिच्याच चुलीपाशी बसून रोटी मोडत होती.

थोड्या वेळाने कालिपा बांधावर येऊन बसली. धाप लागली होती, पण चेहऱ्यावर लढाई जिंकून आल्याचा रंग होता.

"आलं बघ पाणी," ती म्हणाली. "बारपी भेटला वाटेत. म्हणतो, आता मिटलं. सुनेला सांग, निवडणुकीतून माघार घे. झालं गेलं नदीला मिळालं."

सोनुनबूने फावडं रोवलं.

"एने, किल्ली कुठे आहे?"

कालिपाने वरच्या आळीकडे पाहिलं.

"त्याच्या खिशात आहे. आज तुम्ही ओरडलात म्हणून वर गेलं. उद्या तुमचा आवाज बसला की खाली येईल. तुम्ही किती वर्षं ओरडणार?" तिचा स्वर चढत गेला आणि तिने तो आवरला नाही. "आणि आज ओरडलात ते पाण्यासाठी नाही. तुम्हाला बोलला म्हणून ओरडलात. माझा राजमा तीन वर्षं जळला तेव्हा ते नाव तुमच्या तोंडात होतं, एने. तुम्ही चावून गिळत होतात. मी माघार घेणार नाही."

बावीस वर्षांत ती सासूशी असं बोलली नव्हती. काठी अंगावर येईल असं तिला वाटलं. आली असती तरी ती हलणार नव्हती.

कालिपा सरीकडे वाकली. एक राजम्याचं रोप पाण्याने आडवं झालं होतं, ते तिने बोटांनी उभं केलं, मुळाशी माती दाबली.

"रविवारी तो मतांचा कागद देतात," ती म्हणाली, "त्याच्यावर काय लिहिलेलं असतं?"

"नावं. दोन."

"त्याचं मला येतं." म्हातारीने डोकं वर केलं. तिच्या चेहऱ्यावरचा तो जिंकल्याचा रंग आता उरला नव्हता. "तुझं कसं लिहितात गं? सगळं. मी तर तुला सूनबाईच म्हणत आले."

सोनुनबूचा राग ओसरला नव्हता. तिने एक पाय सरीतून बाहेर काढला, बांधावर रोवला आणि पाण्याच्या आवाजावरून पलीकडच्या शेतातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "जाकिपोव्हा सोनुनबू."

"जाकिपोव्हा सोनुनबू," कालिपा म्हणाली. मग विसरू नये म्हणून पुन्हा एकदा म्हणाली.